भावोजींचा खोकला

आईचा उजवा खुबा मोडला तो न्हाणीत, साबणाच्या पाण्यावरून घसरून. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता पुन्हा पडू देऊ नका. या वयात दुसऱ्यांदा पडल्या तर उभं राहणं कठीण." मी मान डोलावली. पडू देऊ नका म्हणे, जसं काही मी आजवर पडू देत होते.

डिचोलीच्या नोकरीतून लांब सुट्टी टाकून मी पार्श्याला आईजवळ राहायला आले आणि घराच्या हात धुऊन मागे लागले. न्हाणीत खरखरीत लाद्या बसवल्या. संडासात धरायला स्टीलचे दांडे लावले. पायपुसणी उचलली, तिच्या झिजून गुळगुळीत झालेल्या सपाता तिच्यादेखत केरात टाकल्या. त्यावरून ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. उठायचं झालं तर आधी मला बोलवायचं, म्हणून देवघरातली घंटा तिच्या उशाशी ठेवली. दुपारी बघते तर घंटा परत देवासमोर.

"कोणी ठेवली?"

"मियां ठेवली. देवाची घांट वाजवन मुताक जावू?"

म्हणजे एकटीने उठू नये म्हणून दिलेली घंटा परत ठेवायला बाई एकटीच उठून गेली होती. मी कपाळाला हात लावला आणि पेडण्याच्या बाजारातून बॅटरीवरची बेल आणली. ती मात्र तिने मानली.

थोरल्या काकांचं काय करायचं, हे मात्र मला शेवटपर्यंत सुचलं नाही. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या शेजारच्याच अर्ध्या घरात राहतात, मध्ये एक भिंत. वडील गेल्यापासून रोज चहाच्या वेळी पोदेराच्या भट्टीतले दोन गरम उंडे पाव घेऊन ते आईकडे येतात. दाराबाहेर थांबून खोकतात, मग आत येऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर, त्यांच्या ठरलेल्या कदेलीवर, बसतात. काजू यंदा कसा आहे ते काका खिडकीकडे बघून सांगतात, आई भिंतीकडे बघून हुंकार देते. दोघांनाही दुसरं कोण आहे बोलायला? आणि तो खोकला ऐकला की आई उठते. पदर डोक्यावर घेते, आणि काका बसेपर्यंत उभी राहते. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती हेच करत आली आहे. ऑपरेशननंतरही तिने तेच केलं, वॉकरला हात न लावता. त्या दिवशी मी तिला काखेत धरून सावरलं.

"आये, तू बसून राहा ना. काका काही म्हणणार नाहीत."

"ते खोकले गो. बसान कशी ऱ्हवतलंय?"

रागावून झालं, विनवून झालं. मग मी काकांनाच गाठलं. म्हटलं, काका, खोकू नका, सरळ आत या. काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "न खोकता भितर कसो येतलंय? चोर काय मी?" तरी त्यांनी करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहा उकळून आटला तरी काका येईनात, म्हणून मी बाहेर डोकावले, तर दाराशी उंडे हातात धरून गप्प उभे. खोकायचं नाही आणि न खोकता आत जाता येत नाही. मला बघून म्हणाले, "माझ्यामुळा पडाक नाका ती. मी येवचंय नाय."

आणि खरंच यायचे थांबले. आई रोज चहाला विचारायची, भावोजी खंय गेले. मी सांगायची, त्यांचे गुडघे धरलेत. ती कदेलीकडे बघत बसायची आणि चहावर साय धरायची. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी खूश होती, आजी छान चालताहेत म्हणायची. मला मात्र आईकडे बघवत नव्हतं. तिला जपायचं म्हणून मी तिचं एकुलतं एक माणूस तोडलं होतं, आणि दुसरा काही मार्ग मला दिसत नव्हता.

गणपतीची चवथ झाल्यावर हवा बदलली आणि काकांना सर्दी झाली. मी परसात दोरीवरचे कपडे काढत होते. भिंतीपलीकडून काका खोकल्याचं मला ऐकू आलं. मग आमच्या घरातून धप्प आवाज आला. कपडे तिथेच टाकून मी धावले. आई खाट आणि वॉकरच्या मध्ये पडली होती, पाय वाकडा, पदर डोक्यावर नीट.

"भावोजी इले गो," ती म्हणाली. "तेंका कदेल दी."

या खेपेला डावा खुबा. हॉस्पिटलात तिच्या खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लावले, उशाला पिवळी पट्टी चिकटवली, पडण्याचा धोका म्हणून. नर्स येता-जाता कठडे हलवून बघायची. आता पडणार तरी कुठून होती ती. डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी काका आले. वॉर्डाच्या दारात थांबले. तोंडावर पंचा दाबून खोकला गिळत होते. चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हाताने या, या म्हणून खुणावलं. पाऊल उचलेना. शेवटी आवरलंच नाही त्यांना.

आईने डोळे उघडले. हात डोक्याकडे गेला आणि पदर शोधत राहिला. हॉस्पिटलच्या झग्याला पदर कुठला? मग तिने कठडा धरला आणि अंग वर ओढायला लागली.

"तिका सांग गो," काका दारातून मला म्हणाले, "उठू नको म्हणान."

आईने ऐकलं, तरी कठडा सोडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "माका उबी कर."

मी तिला उभी करू शकत नव्हते. मी काकांना कदेल दिली.