मनोरीची बोट आणि दादाचा जबडा

शनिवारी दादाला, माझ्या मोठ्या भावाला, घेऊन मनोरीला जाऊन आले. ही सहल खरं तर तीन वर्षांपूर्वी ठरलेली. नवा जबडा बसला की तिथे जाऊन मासे चापायचे. जबडा राहिलाच, शेवटी नुसतेच गेलो.

मुलुंडहून सातच्या आत निघा, नाहीतर मालाडला वाट लागली म्हणून समजा. मार्वेला गाडी लावून बोटीत बसायचं. तिकीट किरकोळ, बाइकसुद्धा चढवतात.

दादाच्या खालच्या जबड्याचा डावा भाग कॅन्सरमुळे काढावा लागला. अंधेरीचे डॉक्टर म्हणाले होते, पायातलं हाड घेऊन त्याच ऑपरेशनमध्ये जबडा करू. मी मात्र नुकतंच वाचलेलं, की पेशंटच्याच पेशी साच्यावर वाढवून प्रयोगशाळेत हाड तयार करतात. मग धडधाकट पाय कशाला कापायचा?

"ते अजून चाचण्यांमध्येच आहे हो," डॉक्टर म्हणाले.

पण घरात सायन्स शिकलेली मी एकटी. थांबू या, मी म्हणाले, आणि सगळे थांबले. पुढे रेडिएशन झालं, मानेतल्या रक्तवाहिन्या खराब झाल्या, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आता डॉक्टर पायाच्या हाडालाही कचरतात, आणि चाचणीवाल्यांना रेडिएशन झालेला पेशंट नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा नव्हता.

मनोरीत एका कोळीणबाईंकडे घरगुती जेवण मिळतं, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. त्यांनी दादाला विचारलं, "भाऊ, बोंबील तळू का कालवण देऊ?"

"त्याला कालवणच. पातळ," मी म्हणाले.

"तुला नाय इचारलं, बाय. त्याला इचारते."

दादाने जुळवून जुळवून उच्चार केला, "बोंबील." एक बोंबील बोटांनी कुस्करून खायला त्याला अर्धा तास लागला.

परतीच्या बोटीत मी विचारलं, "दादा, तेव्हा तुला काय हवं होतं रे?"

"पायाचं हाड. मी तयार होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतीस ना."



घरी पोचल्यावर वहिनीने विचारलं, "काय काय खाल्लंत?" सवयीने माझं तोंड उघडलं, ते मी मिटलं. दादा सांगत राहिला, बराच वेळ, अडखळत. एवढंसं गप्प बसणं मला त्या दिवशी अंधेरीत जमलं असतं, तर आज तो चावून जेवला असता.