ढोलातलं बदक

"थांबा जी, हात बोलून राहिला."

एवढं म्हणून चेकरभाऊ रीळ गुंडाळायच्या यंत्राचं हँडल थांबवायचे, मिटलेले डोळे उघडायचे आणि चिमटीतली फिल्म दिव्याजवळ न्यायचे. तिथे कडेला बारीकशी चीर असायचीच. आम्हाला चष्मा लावूनही दिसली नसती अशी. डाव्या हाताच्या चिमटीतून फिल्म सरकू द्यायची आणि उजव्या हाताने हँडल फिरवत राहायचं, ही त्यांची नोकरी. नागपुरात सीताबर्डीवरच्या सिनेमा-वितरणाच्या कचेरीत ते फिल्म चेकर होते आणि मी कारकून. अमरावती, अकोला, चांदा फिरून आलेल्या प्रिंट डब्यांतून काढून तपासायच्या, फाटलेलं कापून जोडायचं, पुन्हा पाठवायचं. सिनेमे बघणारे तुम्ही-आम्ही पुष्कळ. हाताने सिनेमा वाचणारा माणूस मी हा एकच पाहिला.

आमच्याकडे एक जुना, काळा-पांढरा इंग्रजी विनोदी सिनेमा होता. विलायतेतच काढलेला. लढाईनंतरच्या रेशनच्या दिवसांत एका खेड्यातले बँडवाले चोरून पाळलेलं बदक ढोलात लपवतात आणि नेमका अन्नखात्याचा साहेब गावात सत्काराला येतो, एवढीच गोष्ट. ढोल वाजवावा तर बदक ओरडतं, न वाजवावा तर साहेबाला संशय येतो. रविवारी सकाळच्या खेळाला हा सिनेमा लागला की इंग्रजीचं अक्षर न समजणारी माणसंही पोट धरून हसायची.

चेकरभाऊंना इंग्रजी येत नव्हतं. टेबलावर तर फिल्म मुकीच असते. पण त्या ढोलवाल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती त्यांना पाठ होती.

"हा बुढा लई गुनी हाय, बाबू," ते मला सांगायचे. "पाहा, घाबरला हाय, पन हातची काडी सोडत नाही."

सिनेमा नागपुरात लागला की त्यांचा रविवार टॉकीजच्या मशीनच्या खोलीत जायचा. खिशात ब्लेड आणि फिल्म चिकटवायच्या सिमेंटची बाटली. प्रिंट म्हातारी झाली होती, कुठे अडकली तर काय घ्या! त्यामुळे नजर सारखी मशीनवर. खालून हशा आला की "ढोल आला," एवढंच म्हणायचे. एकदा तरी खाली बसून बघा, असं मी किती वेळा सांगितलं असेल!

"मी खाली बसलो आन् वरतं तुटला त?"

मी एकटाच खाली जाऊन बसायचो.

मग एक दिवस मुंबईच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. एका अमेरिकन कंपनीने ही गोष्ट विकत घेऊन नवा रंगीत सिनेमा काढला होता. जुन्याचे हक्क त्यामुळे संपले. आपल्याकडची प्रिंट दोन साक्षीदारांसमोर तोडावी आणि तसा दाखला पाठवावा. प्रिंट कुऱ्हाडीने तोडणं आमच्या धंद्यात नवं नव्हतं. मुदत संपलेले कितीतरी हिंदी सिनेमे मागच्या अंगणात तुटले होते आणि चेकरभाऊंनी कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. हे पत्र मात्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

"काहून जी? नवा आला त जुन्याले काहून माराचं?"

मी कायद्याचं काहीतरी सांगितलं. मला तरी कुठे कळलं होतं!

दुसऱ्या दिवशी अंगणात डबे मांडले. आमच्या हमालाने कुऱ्हाड उचलली, ती चेकरभाऊंनी मागून घेतली. एकेक रीळ दगडावर ठेवून तोडलं. शेवटचं रीळ हातात घेऊन मात्र ते माझ्याजवळ आले.

"बाबू, एवढं राहू द्या. ढोलाचं हाय. कोनाले दाखवनार नाही. माह्या टेबलाखाली पडून राहीन."

साक्षीदार म्हणून सह्या माझ्या आणि हमालाच्या. हमाल काही बोलणार नव्हता. मी नुसती मान हलवायची होती. पण मी नुकताच कायम झालो होतो आणि साहेबाच्या सावलीलाही घाबरत होतो.

"भाऊ, नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. वडिलांच्या वयाच्या माणसाला! आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. त्यांनी वाद घातला नाही. "बराबर हाय," म्हणाले आणि तेही रीळ दगडावर ठेवलं.

नवा सिनेमा आला. खेड्याच्या जागी शहर, बदकाच्या जागी हिऱ्यांचा हार आणि अर्धा तास एकमेकींवर आदळणाऱ्या मोटारी. चेकरभाऊंनी प्रिंट इमानाने तपासली.

"चांगला हाय जी. कोरा हाय. हाताले काहीच लागत नाही."

आठवड्यात सिनेमा उतरला. टॉकीजच्या मॅनेजरचा फोन आला, "लोक जुना मांगून राहिले. रविवारले थोच पाठवा." तो आता नाही, असं मी सांगितलं. माझ्या पाठीमागे हँडल थांबलं.

दोन वर्षांनी, निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, काविळीने ते गेले. चार-पाच दिवसांनी मी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावलेली होती. त्यांच्या पत्नींनी चहा दिला. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"बाबूजी, थो ढोलातल्या बदकाचा सिनेमा आता कधी लागन? दवाखान्यातही त्याचंच सांगत होते. म्हने, आता लागला का तुले घेऊन जातो, दोघं संगं बसून पाहू."

म्हणजे प्रिंट तोडल्याचं घरी त्यांनी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं! मला समोर बघवेना.

"लागेल वहिनी," मी म्हणालो. "लागला की मी स्वतः सांगायला येईन."

"रविवारीच लागते ना जी, सकाळी?" त्यांनी विचारलं. "मंग मी रविवारचं धुण्याभांड्याचं काम कोनाकडं धरत नाही."