नावाड्याच्या पुस्तकातली सोळा पानं

फोन वाजला तेव्हा मी खळ शिजवत होतो. सुलतान बाजारातलं बाइंडिंगचं दुकान कधीच सुटलं, पण मलकपेठच्या घरी कुणी एखादं फाटकं पुस्तक आणून दिलं की मी अजून बांधतो. मंगळवारची सकाळ होती. इतक्या लवकर मला फोन करणारं कोणी उरलेलं नाही. वामन मास्तरांची सून सुमन बोलत होती. "काका, बाबा गेले. पहाटे..." खळ करपली. खरं सांगतो, दुःख मागाहून आलं. आधी भीती आली. आता ही विचारणार, रविवारी तुम्ही का आला नाहीत.

मास्तर बरकतपुऱ्यात राहायचे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. चाळीसेक वर्षांपूर्वी ते माझ्या दुकानात एक पुस्तक घेऊन आले. रद्दीच्या ढिगातून उचललेलं, पुठ्ठा नाही, नावाचं पान नाही. गोदावरीवरचा एक नावाडी आणि पुरात हरवलेली त्याची लेक, अशी गोष्ट. आमच्या तोंडी ते कायम 'नावाड्याचं पुस्तक'च राहिलं. मी ते पुरतं उसवलं. सोळा पानांची एक घडी असते, तिला आम्ही जुज म्हणतो. एकेक जुज साफ करून पुन्हा शिवलं, लाल कापडाची पाठ चढवली आणि छाती काढून म्हणालो, "मास्तर, माझ्या हातचं जुज कधी चुकत नाही." ते म्हणाले, "हौ मियाँ. रविवारी घरी ये, वाचून बघू."

तेव्हापासून रविवारी नऊला मी त्यांच्या व्हरांड्यात. आधी आठवड्याभराच्या गप्पा व्हायच्या. कोण अंथरुणाला खिळलं, कोणाचा पोरगा परदेशी गेला, आपल्यातले आता किती उरले. मग मास्तर वाचायचे आणि मी ऐकायचो. किती पुस्तकं झाली याची गणती नाही, पण वर्षातून एकदा नावाड्याचं पुस्तक निघायचंच. तेवढं एक पुस्तक मात्र ते माझ्या हातात देत नसत. आणि नावाडी भर पुरात नाव घालतो तिथं आले की नेमके थांबायचे. "सुमन, चहा टाक गं." मी चिडायचो, "तो बुडायला आलाय अन् तुम्हाला चहा सुचतो?" "बुडत नाही रे. चहा पिऊन वाचवू त्याला." मी बशीत चहा ओतून फुंकर घालेपर्यंत ते पानं चाळत बसायचे.

आता एक सांगायचं राहिलं, ते सांगतो. मला वाचता येत नाही असं मी म्हणणार नाही. दुसरीपर्यंत शाळा झाली आहे. आकडे पक्के आहेत, अक्षरं ओळखतो. जोडाक्षर आलं की अडतो. कुणी कागद पुढं केला की "चष्मा विसरलो" म्हणायचं, असं आयुष्यभर चष्मा विसरत आलो. घरात मुलगा, सून, नातवंडं मराठी बोलतात, पण वाचतात तेलुगू आणि इंग्रजी. मला वाचून दाखवणारे जगात एकटे मास्तरच होते.

शेवटच्या भेटीत त्यांना दोन ओळींना धाप लागत होती. त्यांनी नावाड्याचं पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदाच माझ्या मांडीवर ठेवलं. "घरी ने. पुढच्या रविवारी शेवट तू वाच. मला ऐकायचाय." मी खिसे चाचपले. "मास्तर, चष्मा..." "घरी असेल की." या वेळी ते हसले नाहीत. आठवडाभर पुस्तक कपाटावर होतं, मी उघडलं नाही. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून बसस्टॉपवर गेलो. एक बस गेली, दुसरी गेली. ज्यानं शेकडो पोरांना बाराखडी शिकवली, त्याच्यापुढं या वयात अक्षरं चाचपत बसायचं? घरी परतलो. फोन करून सांगितलं, पाय दुखतोय. मंगळवारी ते गेले.

तेराव्याला सुमननं मला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "काका, तुमचा फोन येऊन गेला तरी बाबा अकरापर्यंत खुर्चीतच बसून होते. म्हणत होते, येईल तो."

त्यानंतर मला झोप लागेना. शेवटी एका दुपारी घरात कोणी नाही असं बघून पुस्तक काढलं. मास्तरांनी खूण घातली होती तिथून, बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागलो. एका पानाला एक दुपार. असा मी पुरापर्यंत पोचलो. पान १९२. उलटलं, तर समोर २०९. आकडे मला पक्के येतात म्हणालो ना... जुज चुकलं होतं. माझ्या हातून. १९३ पासूनची सोळा पानं पुढच्या जुजाच्या मागं शिवली गेली होती, आणि इतकी वर्षं मास्तर दर वेळी चहाच्या आडोशानं मला न कळू देता ती शोधून काढत होते.

तेवढ्यात १९२ च्या तळाशी पेन्सिल दिसली. कापरा हात, पण पहिलीच्या पोरांसाठी फळ्यावर लिहावं तशी मोठी, सुटी अक्षरं. "किसन, भिऊ नको. सोळा पानं पुढं जा. मग मागं ये. आधी चहा घे." पुढच्या पानांवर जिथं जिथं जोडाक्षर, तिथं वर बारीक फोड करून ठेवलेली. म्हणजे जुजाचं अन् चष्म्याचं, त्यांना दोन्ही ठाऊक होतं. धाप लागत असताना बसून त्यांनी माझी वाट तयार केली, आणि मी बसस्टॉपवरून परत फिरलो.

हे मी बोललो आणि सुमननं लिहून घेतलं. तिला एक शब्द बदलू दिला नाही. "काका, हे चष्म्याचं गाळू का?" तिनं विचारलं. म्हटलं, अजिबात नाही.

आता रविवारी नऊला मी पुन्हा बरकतपुऱ्याला जातो. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर माझ्या जागी बसून मोठ्यानं वाचतो. ते जुज उसवून जागेवर लावणं माझं तासाभराचं काम. लावणार नाही. शेवटची दोन पानं मात्र अजून उघडलेली नाहीत. त्यांच्यावर पेन्सिल नसली तर... तिथवर त्यांचा हात पोचलाच नसेल तर? म्हणून शेवट जवळ आला की मी मागं फिरतो आणि पुन्हा पुरापासून सुरुवात करतो. १९२ आलं की थांबतो. सुमन न सांगता चहा टाकते.