खिडकी उघडी ठेवा

विक्रोळीत आग विझवायचे सिलिंडर भरून देणारे एक काका आहेत. माझ्या फिशटँकमधल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो, त्याचा छोटा सिलिंडरही मी त्यांच्याकडूनच भरून घेतो. नाव कधी विचारलं नाही. सिलिंडर भरला की ते बोटाने व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावतात आणि बुडबुडा येतो का, ते श्वास रोखून बघत बसतात. मध्ये कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. निघताना ‘या’ म्हणायच्या ऐवजी दरडावतात, "खिडकी उघडी ठेवा." मला हसू यायचं. मासे पाळलेत, वाघ नाही.

परवा मला बघून ते थांबले. "दोन महिने पुरतो ना तुम्हाला? मागच्याच आठवड्यात भरला."

"संपला लवकर. भरा ना."

त्यांनी जेमतेम थोडा गॅस भरला आणि फेस लावला. बारीक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"टँकजवळ कोण झोपतं?"

"आई. गावाहून आलीय."

"खिडकी?"

"बंद. एसी असतो ना."

त्यांनी भरलेला गॅस सोडून दिला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सकाळी उठल्यावर त्यांचं डोकं दुखतं का?"

आठवडाभर रोज चहाबरोबर मी तिला डोकेदुखीची गोळी देत होतो. तुला मुंबईची हवा मानवत नाही, असं वर तिलाच ऐकवत होतो.