कडू तोंडाची सनई

सोलापूरहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत तीन चिमटे, लवंगेच्या तेलाची बाटली आणि बायकोनं बांधून दिलेली भाकरी होती. मी दातांचा डॉक्टर. दुखणारा दात उपटला की कटकट मिटते, असं माझं सरळ मत. अणदूरच्या खंडोबापुढं सनई वाजवणाऱ्या मलप्पांचा निरोप आला होता: पुढचे दात हलतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि पंधरा दिवसांत देव नळदुर्गाला निघणार. हा देव दोन गावांचा. वर्षातले काही दिवस तो नळदुर्गाला राहायला जातो आणि त्या वाटेवर पालखीपुढं मलप्पांच्याच घरची सनई लागते.

निजामाची हद्द लागली तशी मोटार नाक्यावर थांबली. करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं पिशवी उपसून चिमटा उजेडात धरला.

"ये कायकू?"

"दात उपटायला."

त्यानं चिमटा घाईघाईनं पिशवीत कोंबला आणि आपला गाल चाचपला. त्या गडबडीत तेलाच्या बाटलीचं बूच निघालं. पुढं झाडाखाली बसून खाल्लेली भाकरी लवंगेच्या तेलानं भिजलेली. जीभ अशी बधिर झाली की चटणी तिखट होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

अणदुरात शिरताना कमरेइतकी ज्वारी डुलत होती, बांधाबांधावर बाभळी होत्या. पारावर बसलेला जो तो तोंडात कडुलिंबाची काडी घोळवत होता. मलप्पा पन्नाशीचे, उंच, बोलताना तोंडावर हात धरणारे. हिरड्या लाल सुजलेल्या, दातांच्या मुळाशी किटण चढलेलं. वरचे दोन दात बोटानं हलत होते. माझा हात सवयीनं चिमट्याकडं गेला.

"ब्याड, ब्याड! (नको, नको!)" त्यांच्या पत्नी गौराबाई पुढं झाल्या. "दात गेल्यावर वारा ठरंल का तोंडात? सनई म्हंजी ह्यांचा जीव हाय, डाक्तर."

"उपटा," मलप्पा म्हणाले, "लई ठणकतंय. पर देव निघायच्या दिशी सनई वाजली पायजे, येवढं बघा."

दोन्ही एकदम कसं साधायचं? वेळ काढायला मी म्हटलं, थोडं वाजवून दाखवा. त्यांनी सनईची पत्ती (फुंकायची जिभली) वाटीतल्या पाण्यात बुडवली आणि गुळाचा खडा गालात धरला. वाटीतलं पाणीही गुळाचंच होतं.

"हे रोज?"

"व्हय, दिवसभर. देवाची सनई कडू तोंडानं वाजवू न्हाय. म्या लिंबाची काडी कवाच सोडली."

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. ती वाटी न बघताच मी दात उपटायला निघालो होतो. किटणातले जंतू गोडावर पोसतात, आम्ल करतात, दात पोखरतात, हिरड्या सुजवतात, हे मी त्यांना समजावलं. काडी पुन्हा सुरू करा, बाभळीची साल आणि डाळिंबाची टरफलं उकळून चुळा भरा, असं सांगितलं. तुरट रस हिरड्या आवळून धरतो, कडुलिंबाचा कडवटपणा जंतूंना मानवत नाही. त्यातलं नेमकं कोणतं द्रव्य हे काम करतं, ते मी अजून पुस्तकांत शोधतोच आहे.

मलप्पा मान हलवीनात. "देव कोपला तर?"

गौराबाईंनी कोनाड्यातली भंडाऱ्याची (हळदीची) डबी त्यांच्यापुढं ठेवली. "देवाला ह्योच लावताव की रोज. हळद काय गोड असती व्हय?"

मलप्पांनी बोटभर भंडारा जिभेवर ठेवला. मग वाटी दूर सारली.

दोन दिवस राहून मी किटण खरवडलं आणि हलणारे दात तसेच राखले. एक किडकी दाढ मात्र काढावीच लागली.

देव निघायच्या दिवशी मी पुन्हा गेलो. मलप्पांनी पत्ती साध्या पाण्यात भिजवली, डोळे मिटले. पहिला सूर फुसकन निसटला. दुसरा मात्र भरून निघाला, पालखीच्या पुढं, थेट नळदुर्गाच्या वाटेला लागला. गौराबाई भंडारा उधळत रडत होत्या. थोडा माझ्याही तोंडात गेला.

परतताना नाक्यावर त्याच शिपायानं पिशवी उघडली. आत बाभळीची साल होती; दातांसाठी, मी सांगितलं.

"थोडी हमकू भी देओ," तो गाल धरून म्हणाला. मी अर्धी दिली. आजवर मी किती दात उगाच उपटले असतील, हा विचार मात्र सोलापूर येईपर्यंत सुटला नाही.