देवाच्या डोक्यावरचं ऊन

जून १९९६, शेवटचा रविवार. हजर: मी, वस्तीवरच्या चार बायका आणि देवराईतली पूजा करणारे म्हातारे बाबा. वनरक्षक येतो म्हणाले होते, आले नाहीत.

अकोले तालुक्यातल्या त्या गावात मी तेव्हा शाळेत शिकवत होते. आदल्या पावसाळ्यात देवराईतला सगळ्यांत मोठा हिरडा उन्मळून पडला. शेंदूर लावलेला देवाचा दगड त्याच्याच सावलीत होता. देवाला छप्पर चालत नाही, बाहेरचं रोप आत आणायचं नाही, लोखंड न्यायचं नाही, आतली काडीसुद्धा बाहेर काढायची नाही. देव उन्हाळाभर उन्हात राहिला. बाबा रोज दुपारी त्याच्यावर पळसाची पानं ठेवायचे, ती वाऱ्यानं उडायची.

“माज्या डोळ्यांदेखत एक हिरडा उगवू द्या, बाई,” ते म्हणाले. “मंग मी मोकळा.”

मला हे सोपं वाटलं. वर आभाळ उघडलं होतं, खाली हिरड्याची फळं पडलेली होती. अडचण तेवढी तणाची. मी कामं लिहून काढली आणि वाटून दिली. कोयता चालत नव्हता, म्हणून सगळं हातानं उपटलं.

“बाई, तुमच्या यादीत देव कितवा हाय?” एकीनं विचारलं.

“पाचवा. त्याच्याभोवतीचं शेवटी काढायचं.”

“ऐकलं का देवा, आमचा नंबर तुज्या आदी!”

सगळ्या हसल्या, बाबा सोडून. उपटलेलं बाहेर टाकता येईना, म्हणून देवापासून चार पावलांवर ढीग घातला.

दसऱ्यानंतर पुन्हा गेलो, तेव्हा मला काही समजेना. साफ केलेल्या जागेतली माती पावसानं धुऊन नेली होती. दगड उघडे पडले होते आणि त्यांतूनच तरोट्याचं तण कमरेएवढं वाढलं होतं. हिरडा एकही नाही. बाबा पडलेल्या खोडाला टेकून बसले.

“बाई, हिकडं या!” देवाचा नंबर विचारणारी तीच बाई ढिगामागून ओरडली.

कुजलेल्या ढिगाच्या कडेला, ओलसर सावलीत, वीतभर उंचीची सात रोपं होती. तिचा जन्म हिरडा गोळा करण्यात गेला होता, पान ओळखायला ती चुकणार नव्हती.

म्हणजे तण त्यांना दाबत होतं की जपत होतं? ती सावलीनं जगली की ओलीनं? मग वरच्या उजेडाचा उपयोग काय? ढीग काढला तर ती वाढतील की करपतील?

“ढीग काढायचा का ठिवायचा? तुमी सांगा,” बाबा म्हणाले.

“उद्या सांगते.”

आठवडाभर ते शाळेच्या फाटकाशी येऊन विचारत राहिले. मग एक दिवस आले, पण काही न विचारता नुसते बसून राहिले.

हिवाळ्यात माझी बदली झाली. सामान बांधताना ती यादी हाती आली. सगळ्या कामांपुढे खुणा होत्या. दसऱ्यानंतर मी खाली वाढवलेली शेवटची ओळ, ‘ढिगाचं ठरवणे’, तेवढी बिनखुणेची होती.