चादरीवर न आलेली चकती

गॅरेजमध्ये मिस्त्रींचा एक नियम होता आणि त्यापुढे कुणाचंही चालत नसे. गाडी उघडली की शेजारी जुनी चादर अंथरायची, निघालेला प्रत्येक नट-बोल्ट निघाला त्याच क्रमाने तिच्यावर मांडायचा आणि बसवताना उलट्या क्रमाने उचलत यायचं. चादर रिकामी झाली की काम संपलं. ज्याच्या कामात एक वॉशर जरी उरला, त्याने पाना खुंटीला अडकवून घरची वाट धरायची. चाळीस वर्षांत भल्याभल्यांना त्यांनी असं घरी पाठवलं होतं.

आता गॅरेज लेक सांभाळत होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वडिलांनी गाडीखाली शिरावं हे तिला पटत नव्हतं. रोजच्या कटकटीला कंटाळून मिस्त्रींनीच एकदा सांगून टाकलं होतं, "ज्या दिवशी माझ्या हातून काही उरेल, त्या दिवशी पाना कायमचा खुंटीला. मग तर झालं?"

एका सकाळी गायनाच्या बाईंची जुनी गाडी सर्व्हिसिंग होऊन गेली. काम मिस्त्रींनी एकट्याने केलं होतं. चादर रिकामी झाली, झटकून तिची घडीही झाली. मग लेकीने केरसुणी फिरवली आणि गाडी उभी होती तिथून काहीतरी गडगडत भिंतीला जाऊन थडकलं.

"बाबा, हे काय आहे?"

काळी गोल चकती होती. बाटलीच्या बुचाएवढी, बोटभर जाड, मधोमध भोक, दोन्ही बाजू कानशीने घासून सपाट केलेल्या. कडेला बारीक खाचा. मिस्त्रींनी ती लेकीच्या हातून झटकन घेतली. ब्रेक त्यांनीच उघडले होते.

त्यांनी चकती बोल्टांवर चढवून पाहिली, गाडीचं जुनं पुस्तक उघडलं, चष्मा पुसून पुन्हा उघडलं. ब्रेकमध्ये असलं काही नसतंच, एवढी खात्री झाली. लेकीने ओळखीच्या चार मेकॅनिकांना फोटो पाठवला. तिघांना कळलं नाही आणि चौथा खेळण्यातलं चाक म्हणून मोकळा झाला. तिने बाईंना फोन लावला.

"मी येणारच होते गं दुपारी," बाई म्हणाल्या. "गाडी पुन्हा बेसूर झालीये. नवी होती तेव्हा गात होती ना, अगदी तोच सूर!"

मिस्त्रींनी चकती खिशात टाकली आणि जेवायला घरी गेले. भूक कसली, पण घरी तेवढाच एकांत मिळणार होता. शेगडीवर पातेलं ठेवलं, वाफ आली तसं झाकण उचलायला बूच धरलं आणि हात तिथेच थांबला.

त्या झाकणाला मूठ नव्हती. नुसता स्क्रू होता आणि त्यावर खोचलेलं लाकडी बूच. एकतीस वर्षं.

बाईंची गाडी तेव्हा कोरी करकरीत होती. सायलेन्सरवरचा पत्रा थरथरायचा आणि बाईंच्या कानाला ते सोसायचं नाही. मध्ये रबर घातलं की दोन दिवसांत वितळायचं. मिस्त्री त्यापायी जेवतानाही गप्प असत. एका दुपारी त्यांची नजर बायकोच्या नव्या पातेल्यावर गेली. झाकणाची मूठ काळी, उष्णता खाऊनही न वितळणारी!

"अहो, कालच आणलंय ते!"

"उद्या नवी मूठ आणतो."

मूठ घासून सपाट झाली, भोक मोठं झालं, पत्र्याखाली बसली आणि गाडी गप्प झाली. उद्या काही उजाडला नाही. बायकोने स्क्रूवर बूच खोचलं आणि पाहुणे आले की म्हणायची, "आमचे हे गावाच्या गाड्या दुरुस्त करतात, झाकणाचा नंबर अजून लागायचाय." मिस्त्रीही सगळ्यांबरोबर हसायचे. चार वर्षांपूर्वी ती गेली. बूच तसंच राहिलं होतं. त्यांना तिची इतकी आठवण आली की शेगडी बंद करायचंही भान राहिलं नाही.

दुपारी बाई आल्या, तोवर सगळं ऐकून लेकीचा चेहरा खुलला होता. "बाबा, हा गाडीचा पार्टच नाही! आईची मूठ आहे. तुमचा नियम लागू होत नाही."

"बसवली कुणी?"

लेकीने खुंटीकडे पाहिलं.

"पत्रा उतरवला तेव्हा ती वर चिकटून राहिली. चादरीवर आलीच नाही. पुन्हा चढवताना निसटली, तीही दिसली नाही मला. आज मूठ निसटली, उद्या ब्रेकचा बोल्ट निसटेल."

ते गाडीखाली शिरले. उष्णता सोसणारी तयार चकती आता दुकानात मिळते, ती बसवली. बाईंनी गाडी सुरू करून कान दिला आणि मान डोलावली. मिस्त्रींनी पाना फडक्याने पुसला, आपल्या हाताने खुंटीला अडकवला. लेकीने डोळे पुसले, पण अडवलं नाही.

घरी येऊन त्यांनी मूठ घासून धुतली. भोक मोठं होतं, म्हणून स्क्रूला वॉशर लावला. मूठ घट्ट बसली. झाकण रिकाम्या पातेल्यावर ठेवलं, मूठ धरून उचललं, पुन्हा ठेवलं.

"आणली गं," ते म्हणाले. "जरा उशीर झाला."